कृपया रांगेत उभे राहावे

घरातली सत्ता नेमकी कोणाच्या हाती असते, हा प्रश्न तसा फार जुना आहे. आमच्या आजीच्या काळी त्याचं उत्तर सोपं होतं. जिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तिचं राज्य. आमच्या लहानपणी किल्ल्या मागे पडल्या आणि रेडिओचा कान आला. त्या कानाला ज्याचा हात पोचेल तो घराचा धनी, आणि तो हात बहुतेक घरांत वडिलांचा असे. पुढे टीव्हीचा रिमोट आला आणि सत्तेचं विकेंद्रीकरण झालं. म्हणजे सोफ्याच्या फटीत तो ज्याला सापडेल त्याचा. आज यातलं काहीच उरलेलं नाही. सत्ता दाराजवळच्या भिंतीवर, मीटरच्या खाली, हिरवे दिवे मिचकावत बसलेल्या एका डब्यात जाऊन राहिली आहे. शिकलेले लोक त्याला राउटर म्हणतात, जास्त शिकलेले रूटर म्हणतात, आमची ही सरळ 'वायफाय' म्हणते आणि आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी 'नेटचा डबा' म्हणतात. मला स्वतःला मावशींचा शब्द पसंत आहे.

या डब्याशी माझा संबंध 'बंद पडला की बंद करून चालू करणे' इतपतच असायला हरकत नव्हती. मी बँकेत कारकून. शिक्षण बी. कॉम. 'जे येईल ते नावे, जे जाईल ते जमा' या एका मंत्रावर मी पंचवीस वर्षं संसार आणि नोकरी दोन्ही रेटली आहेत. पण साकीनाक्याला राहणाऱ्या माणसाच्या नशिबी काय येईल ते सांगता येत नाही.

आमचं घर चौथ्या मजल्यावर. दारातून आत आलं की बाहेरची खोली, मग स्वयंपाकघर, मग आमची खोली आणि सगळ्यात शेवटी अण्णांची. अण्णा म्हणजे आमचे वडील, वय वर्षं एकोणऐंशी. नेटवाल्या पोऱ्याने डबा दाराशेजारी बसवला, कारण त्याचं भोक पाडायचं यंत्र तिथवरच पोचत होतं. डबा आणि अण्णा यांच्यामध्ये सिमेंटच्या तीन भिंती, एक बीम, एक लोखंडी कपाट, त्या कपाटाचा माणसाएवढा आरसा आणि पाण्याने भरलेलं एक पिंप. लोखंड रेडिओच्या लहरी परतवून लावतं आणि पाणी त्या पिऊन टाकतं, हे मला नंतर कळलं. थोडक्यात, आमच्या घराची मांडणी एखाद्या शत्रूने करावी तशी झाली होती. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कलकत्त्यात बिनतारी लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारूही पेटवून दाखवली. ते प्रयोग थोर खरेच, पण आमच्या बिल्डरने बांधलेली भिंत बोसांच्या वाट्याला आली नव्हती, एवढं मी नम्रपणे नमूद करतो.

तरीही मी गप्प बसलो असतो. मुंबईचा माणूस गैरसोयीला घरातलं माणूस समजतो. पण दर रविवारी सकाळी दहा वाजता अण्णांचा सांगलीला व्हिडिओ कॉल असतो. तिथे त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या. वय शहाऐंशी. कानांनी ऐकू कमी येतं, म्हणून ती बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघते. साधा फोन तिच्या कामाचा नाही. तिला चेहरा लागतो. आणि आमच्याकडे नेमका चेहराच थिजायचा. आत्या बोलता बोलता मध्येच गोठायची. तोंड अर्धं उघडं, डोळे अर्धे मिटलेले, हात हवेत. अशा वेळी लहान मुलं हसतात. अण्णा हसायचे नाहीत. फोन दोन्ही हातांत धरून ते "अक्का! अगं अक्का!" अशा हाका मारायचे, आणि चित्र हलेपर्यंत त्यांचा चेहरा बघवत नसे. शहाऐंशी वर्षांचं माणूस असं अचानक निश्चल झालेलं पाहण्यात विनोद नाही. मग ते उठून, फोन पुढे धरून, देवघरातला दिवा न्यावा तसे हळूहळू बाहेरच्या खोलीत येत आणि डब्याच्या खाली, चपलांच्या स्टँडवर बसून उरलेलं बोलणं पुरं करत. सांगलीच्या आत्याला बिचारीला वाटे की भावाला मुलाने चपलांपाशी बसवलंय.

"अहो, काहीतरी करा," ही म्हणाली. आमच्या घरात 'काहीतरी करा' हे वाक्य वर्षातून दोनदाच उच्चारलं जातं आणि त्याला सरकारी वटहुकुमाची किंमत असते.

'काहीतरी' काय करायचं, याची चौकशी मी बँकेतल्या एका तरुण सहकाऱ्याकडे केली. तो म्हणाला, "साहेब, दमदार राउटर घ्या आणि त्यात ओपनडब्ल्यूआरटी टाका. मग तो तुम्ही सांगाल ते ऐकेल." घरातली एक तरी वस्तू आपण सांगू ते ऐकेल, ही कल्पनाच मला इतकी नवी होती की त्याच शनिवारी मी लॅमिंग्टन रोड गाठला. (या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे. पण त्या नावाने विचारलं तर तिथला दुकानदारसुद्धा दुसऱ्या रस्त्याकडे बोट दाखवतो.) चार शिंगांचा एक काळा राउटर घेऊन घरी आलो. पेटीतून काढून टेबलावर ठेवला तर उताणा पडलेला खेकडा वाटावा. हिने पाहिला आणि म्हणाली, "हा दिवाणखान्यात दिसता कामा नये."

या ओपनडब्ल्यूआरटीची जन्मकथा मोठी सुरस आहे. २००२ सालच्या डिसेंबरात लिंक्सिस नावाच्या अमेरिकन कंपनीने डब्ल्यूआरटी-५४जी नावाचा निळा-काळा राउटर बाजारात आणला. पुढच्या वर्षी ही कंपनी सिस्को नावाच्या मोठ्या कंपनीने पन्नास कोटी डॉलरला विकत घेतली. तोवर काही चौकस मंडळींच्या लक्षात आलं की या डब्याच्या पोटात लिनक्स आहे. आता लिनक्सचा नियम असा, की वापरा, बदला, विका, काही करा. पण विकलंत तर त्यातला मजकूर मागणाऱ्याला दाखवावा लागेल. म्हणजे शेजारणीकडून लोणच्याची कृती घेतली, त्यात आपला मसाला घातला आणि बरण्या विकल्या, तर गिऱ्हाइकाला कृतीही लिहून द्यायची. हे कंपनीला लोकांनी आठवण करून दिलं आणि २००३ साली कंपनीने मजकूर खुला केला. झालं! जगभरच्या रिकामटेकड्यांना—हा शब्द मी आदराने वापरतो—खेळणं मिळालं. २००४ साली त्यातून ओपनडब्ल्यूआरटी निघालं. त्या मूळ डब्यात साठवणुकीची जागा होती अवघी ४ एमबी. आज सकाळी सकाळी नातेवाईक जे सूर्योदयाचे फोटो धाडतात, त्यातला एखादा जेमतेम मावेल एवढी. त्यात या मंडळींनी संसार थाटला.

या आवृत्त्यांना पूर्वी दारूच्या मिश्रणांची नावं असत. व्हाइट रशियन, कामिकाझे वगैरे. एवढंच नव्हे, तर राउटरच्या आत शिरल्यावर स्वागतालाच पडद्यावर त्या मिश्रणाची कृती यायची. किती भाग काय, बर्फ किती, सगळं. आता नुसते सालाचे आकडे असतात. आमच्या सोवळ्या घरात ही परंपरा यायच्या आधीच बंद पडली, हे एका परीने बरं झालं. नाहीतर राउटर दुरुस्त करताना मी नेमकं काय वाचतोय, हे हिला पटवणं त्या राउटरपेक्षा अवघड गेलं असतं.

राउटर घरात आल्याचं कळल्यावर अण्णांनी पहिला प्रश्न केला, "लायसन काढलंस का?"

आजच्या पोरांना हा प्रश्न कळायचा नाही. पण अण्णांच्या ट्रंकेत आमच्या आजोबांच्या रेडिओचा परवाना अजून आहे. १९३३ सालच्या कायद्याने बिनतारी यंत्र बाळगायला परवाना लागे आणि त्यासाठी पोस्टात वर्षाचे पैसे भरावे लागत. घरच्या रेडिओची ही कटकट सुटायला ऐंशीचं दशक उजाडलं. "तो नुसता ऐकायचा रेडिओ," अण्णा म्हणाले. "तुझं यंत्र तर बोलतं पण!" मुद्दा कायद्याला धरून होता. मी चौकशी केली. वायफाय ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, तो पट्टा केंद्र सरकारने जानेवारी २००५ मध्ये परवान्यातून मोकळा केला. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे मोकळेपणाचे नियम ऑक्टोबर २०१८ मध्ये आले. मोकळा केला म्हणजे काय वाटेल ते करा असं नव्हे, शक्तीची मर्यादा घालून दिली. मी हे सगळं अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं, तो कागद छापून ट्रंकेत ठेव." ठेवला आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. मी बी. कॉम. असल्याचं वर आलंच आहे. या कामी मला गुरू भेटला तो मावशींचा मुलगा. पोरगा आयटीआयला शिकतो आणि असल्फ्याच्या टेकडीवर राहतो. आईला घ्यायला आला होता. टेबलावरचा खेकडा पाहून तो दारातच थबकला आणि त्याने खाली वाकून तळाचं लेबल वाचलं. मग म्हणाला, "काका, हा चांगला आहे. ह्याच्यावर चढतं." पुढच्या अर्ध्या तासात त्याने ते 'चढवलं' आणि मी त्याच्या मागे उभं राहून, शाखेत ऑडिटरमागे उभा राहतो तसा, समजल्यासारखी मान हलवत होतो.

नंतर एकेक गोष्ट तो मला समजावू लागला आणि माझ्या ध्यानात आलं, की अरे, ही तर आपली शाखाच आहे! राउटरला आत शिरण्यासाठी पत्ता असतो, १९२.१६८.१.१. मी म्हटलं, "आपल्या घराला असा कोणता पत्ता मिळाला?" तर म्हणे हा पत्ता जगातल्या लाखो घरांत हाच असतो. पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४३० कोटी आणि माणसं ८०० कोटींच्या वर, शिवाय माणशी तीन यंत्रं. म्हणून १९९६ साली काही पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवले. प्रत्येक चाळीत 'खोली नंबर १' असते, तसं. बाहेरच्या जगाला फक्त चाळीचा पत्ता ठाऊक. आलेलं पत्र नेमक्या खोलीत टाकायचं काम राउटरचं.

घरातलं प्रत्येक यंत्र आलं की राउटर त्याला एक नंबर देतो आणि बारा तासांनी तो पुन्हा ताजा करून घ्यावा लागतो. म्हणजे आमच्याकडे पूर्वी चेक दिल्यावर पितळी टोकन मिळायचं, ते! फायरवॉल नावाचं प्रकरण ऐकून मी घाबरलो होतो. पण तो म्हणजे आमच्या शाखेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन स्टुलावर बसलेले निवृत्त सुभेदार. आतून बाहेर जाणाऱ्याकडे ते बघतही नाहीत. बाहेरून येणाऱ्याला मात्र "कोणाकडे काम?" आतल्या कोणी बोलावलं असेल तर सोडतात, नाहीतर रस्ता दाखवतात.

मग हवेतली गर्दी पाहायची होती. राउटरने आसपासची सगळी वायफायं मोजून दाखवली. एकतीस! त्यांत 'साईकृपा' होतं, 'आई एकवीरा' होतं, 'स्वतःचं घ्या' असा सडेतोड सल्ला देणारं एक होतं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कोणा विनोदवीराने 'पोलीस गाडी क्र. ४' असं नाव ठेवलं होतं. पण खरी गंमत पुढेच. २.४ गिगाहर्ट्झमध्ये तेरा चॅनेल असली तरी ती एकमेकांवर चढलेली असतात. एकमेकांच्या अंगाला न लागता चालतील अशी तीनच : १, ६ आणि ११. आमची बहुतेक इमारत सहाव्या चॅनेलवर कोंबलेली होती. शिवाय मायक्रोवेव्हच्या भट्ट्यासुद्धा याच पट्ट्यात तापतात. म्हणजे कोणी कालची भाजी गरम केली की दोन मजल्यांच्या मालिका अडखळणार.

साकीनाक्याच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. अंधेरी-कुर्ला रोड, साकीविहार रोड आणि खैरानी रोड ही मंडळी जिथे एकमेकांना गळामिठी मारतात, त्या चौकात संध्याकाळी सात वाजता उभं राहावं. टेम्पो, रिक्षा, बेस्टची बस, हातगाडी आणि मध्येच उलट्या दिशेने येणारा एक आत्मविश्वास असलेला स्कूटरवाला. तेच २.४ गिगाहर्ट्झ. आणि डोक्यावरून, ८ जून २०१४ पासून, कोणाकडेही न बघता वर्सोव्याहून घाटकोपरला सुळकन जाणारी मेट्रो, ती ५ गिगाहर्ट्झ. वेग विचारू नका. पण मेट्रो तुमच्या गल्लीत येत नाही आणि ५ गिगाहर्ट्झ तुमच्या भिंतीत शिरत नाही. गल्लीबोळांत शेवटी रिक्षाच लागते. तेव्हा आम्ही दोन्ही ठेवली. खेकडा घराच्या मध्यावर, स्वयंपाकघराच्या दारावरच्या फळीवर, लोणच्याच्या बरण्यांशेजारी बसवला. दिवाणखान्यात तो दिसत नाही, त्यामुळे हिची अट पाळली गेली, आणि बरण्यांमुळे त्याला घरात एक प्रतिष्ठा आली. आमची रिक्षा गर्दी सोडून अकराव्या चॅनेलवर धावू लागली.

मध्येच 'देश निवडा' असा प्रश्न आला. एका हितचिंतकाने सांगितलं होतं की दुसऱ्या एखाद्या देशाचं नाव टाकलं की काही वेळा शक्ती वाढवून मिळते. अण्णा मागेच बसले होते. मी 'भारत' निवडलं. ट्रंकेत कागद ठेवलेल्या माणसाला दुसरा देश निवडता येत नाही.

एवढं होऊनही आत्या पूर्वीसारखी नाही, तरी मधूनमधून गोठतच होती. आणि ती नेमकी आमची कन्या काहीतरी अवजड उतरवून घेत असली की गोठायची. इथे मला या सगळ्या शास्त्रातलं सर्वांत मोठं ज्ञान झालं. ते मी बँकवाल्याच्या भाषेत सांगतो.

समजा, एका शाखेत एकच कॅशियर आहे आणि बसायचा हॉल प्रचंड आहे. हॉल मोठा म्हणून दारावरचा माणूस सगळ्यांना आत घेतो. कन्येचा हिशेब म्हणजे तीनशे पिशव्या चिल्लर घेऊन आलेला व्यापारी. त्याच्यामागे आमची आत्या एक पासबुक भरून घ्यायला उभी. काम अर्ध्या मिनिटाचं. पण तीनशे पिशव्या मोजून होईपर्यंत तिचा नंबर येत नाही. हॉल जितका मोठा तितकी रांग लांब. नेटच्या वाटेवरच्या यंत्रांतही असे हॉल असतात. स्मृती स्वस्त झाली तसतसे ते मोठे होत गेले. जिम गेटिस नावाच्या एका अमेरिकन अभियंत्याने २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरचं नेट असं का रखडतं याचा शोध घेताना हे दुखणं पकडलं आणि त्याला 'बफरब्लोट' असं नाव दिलं. ब्लोट म्हणजे फुगणं. मराठीत सांगायचं तर रांगेला झालेला वात. त्याच्या जोडीला डेव्ह टॅट नावाचे गृहस्थ होते. ते पुढची कितीतरी वर्षं या रांगांच्याच मागे लागले होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते वारले. रांगेत लोकांचा वेळ वाचावा म्हणून आयुष्य घालवणारा माणूस, आणि आम्हा बँकवाल्यांना त्याचं नावही ठाऊक नाही!

या मंडळींनी काढलेला उपाय असा : रांग एक ठेवायची नाही. ज्याचं-त्याचं गिऱ्हाईक वेगळं काढायचं आणि प्रत्येकाची एकेक चिठ्ठी आळीपाळीने घ्यायची. व्यापाऱ्याची एक पिशवी, मग आत्याचं पासबुक, मग पुन्हा पिशवी. व्यापाऱ्याला फारसा फरक पडत नाही, आणि आत्या अर्ध्या मिनिटात घरी. अशा एका पद्धतीचं नाव 'केक' आहे. २०१८ साली तिला थेट लिनक्सच्या गाभ्यात जागा मिळाली. "अगं, केक बसवतोय," असं मी आतून ओरडलो तेव्हा हिने तीन बशा काढल्या होत्या.

यात एक अट आहे, ती फार मजेदार. रांग आपल्या घरात लागली तरच ती आपल्याला लावता येते. ती वर नेटवाल्याच्या हॉलमध्ये लागली तर आपला इलाज नाही. म्हणून राउटरला नेटचा वेग मुद्दामच थोडा कमी सांगायचा. शंभर मिळत असले तर नव्वद. कॅशियरपेक्षा दारवान जरा सावकाश.

"पैसे शंभरचे भरायचे आणि घ्यायचे नव्वद?" हिने विचारलं.

"होय."

"आणि त्याने जोरात चालणार?"

"होय."

"तुम्ही बँकेत लोकांना हेच सांगत असाल," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता कन्येला मी मुद्दाम काहीतरी अवजड उतरवायला सांगितलं. (इतक्या आनंदाने तिने माझं दुसरं कोणतंच काम केलेलं नाही.) अण्णा त्यांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीवर, खिडकीकडे तोंड करून बसले. सांगली लागली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आत्याचे ओठ हलत होते आणि शब्दही त्याच वेळी येत होते. मागे तिच्या घरातली मांजर खुर्चीवरून उतरली तीसुद्धा सलग उतरली. अण्णा सावकाश, ओठ नीट उघडून बोलत होते. आत्या पुढे झुकून त्यांच्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "अरे, किती म्हातारा दिसायला लागलास! आधीचं यंत्र बरं होतं."

अण्णा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

इथे कोणीही शहाणा माणूस थांबला असता. पण सत्ता एकदा हातात आली की ती वापरावीशी वाटते. राउटरमध्ये असं एक पान आहे, जिथे घरातल्या प्रत्येक यंत्राला वेळ ठरवून देता येते. कन्येची बारावी. मी तिच्या फोनला रात्री अकराची वेळ लावली. पहिल्या रात्री अकरा वाजता आतून "बाबा!" अशी आरोळी आली. दुसऱ्या रात्री आली नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की हल्लीचे फोन आपली ओळखही बदलू शकतात. यंत्राला जन्मजात मिळालेला नंबर लपवून ते नवाच नंबर सांगतात. म्हणजे तोच खातेदार, रोज नवं नाव घेऊन, नवं खातं उघडून पैसे काढून जातोय! मी म्हटलं, "हे के.वाय.सी.च्या विरुद्ध आहे." ती म्हणाली, "बाबा, हे प्रायव्हसीसाठी असतं." अखेर रीतसर वाटाघाटी झाल्या. परीक्षेपर्यंत साडेअकरा, शनिवारी मोकळीक, आणि नंबर एकच ठेवायचा. कागदावर सह्या झाल्या. साक्षीदार अण्णा.

पण त्या अकराच्या चौकशीत मला एक गोष्ट दिसली होती, जी मी शोधत नव्हतो. राउटर कोणतं यंत्र कधी जागं आहे ते दाखवतो. रात्री दीड ते तीन घरात एकच यंत्र जागं असायचं. रोज. ते अण्णांचं होतं. आई गेल्याला त्या वेळी आठ महिने झाले होते.

आणखी एक कळ दाबली असती तर ते काय बघतात तेही नावनिशीवार कळलं असतं. तशी सोय करता येते, पोरगा मला म्हणालाही होता. पण बँकेत रुजू होताना आम्ही एका प्रतिज्ञापत्रावर सही करतो, निष्ठेच्या आणि गुप्ततेच्या. खातेदाराचे व्यवहार डोळ्यांखालून जातात, ते बोलायचे नाहीत. कोणाचा पगार कुठे जातो, कोण कोणाला दर महिन्याला गुपचूप पैसे धाडतो, पंचवीस वर्षांत मी फार पाहिलं आणि आमच्या हिलासुद्धा सांगितलेलं नाही. परक्यांसाठी पाळलेली शपथ घरच्यांसाठी मोडायची, हा हिशेब मला जुळेना. मी ती वही उघडलीच नाही. होती-नव्हती ती नोंदसुद्धा बंद करून टाकली.

त्या रात्री दीडला मी पाणी प्यायला उठलो. तहान नव्हती. अण्णांच्या दाराखालून उजेड येत होता. आत गेलो. त्यांनी फोन उपडा ठेवला नाही, दाखवलाही नाही. मी पलंगाच्या कडेला बसलो.

"झोप येत नाही का?" मी विचारलं.

"येते रे," अण्णा म्हणाले. "पण तिला साकीनाक्याचा सिग्नल लागतो."

आम्ही तीनपर्यंत बोलत बसलो. रेडिओ, परवाना, आईने एकदा रेडिओवर पीठ सांडलं होतं ते. आता मला आठवड्यातून दोन-तीनदा दीड वाजता तहान लागते.

राहता राहिला पोरगा. मी त्याला कामाचे पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. "काका, परीक्षेपर्यंत जिन्यात नेट येईल का?" एवढंच म्हणाला. त्यांच्याकडे टेकडीवर फोनला रेंज धड नसते. मग पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढलं. त्यावर आलेल्याला नेट मिळतं, पण आमच्या घरातली यंत्रं दिसत नाहीत. जसा आमच्या शाखेत खातेदार काउंटरपर्यंत येतो, तिजोरीपर्यंत नाही. संध्याकाळी तो आमच्या मजल्याच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, "जिन्यात हे कोण?" मी म्हटलं, "आमच्याकडचे इंजिनियर." दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरींनी त्याला आपला डबा दाखवायला वर नेलं.

मुख्य वायफायच्या नावावरून घरात दोन दिवस चर्चा झाली आणि शेवटी 'घर' हे नाव ठरलं. पासवर्ड अण्णांनी सुचवला : किंकर्तव्यविमूढ, रोमन लिपीत. येणारा पाहुणा "पासवर्ड काय?" असं विचारतो, आम्ही सांगतो, आणि तो तसाच होतो. आजवर तो पहिल्या फटक्यात बरोबर लिहिणारा एकच निघाला, मावशींचा मुलगा.

परवा मी कौतुकाने त्या खेकड्याकडे बघत उभा होतो. ही म्हणाली, "एवढी सत्ता हातात घेऊन केलंत तरी काय?"

मी जमाखर्च मांडला. वेग दहा टक्के कमी केला, नोंदवही बंद केली, मुलीला अर्धा तास वाढवून दिला आणि जिन्यात एक दार उघडं ठेवलं. हिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली, "आता जरा दळण आणा. आणि लवकर जा, गिरणीत रांग असते."